लोअर परळच्या ऑफिसात घरगुती डबा लावायचा आहे, मार्गदर्शन हवे

मृण्मयी_सोलापूर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त नुकतीच मुंबईत आले आहे. ऑफिस लोअर परळला, राहणं भांडुपला दोन मैत्रिणींबरोबर. सकाळी पावणेआठला घर सोडते, संध्याकाळी परत यायला आठ वाजतात. सकाळी पोळीभाजी करून निघणं रोज जमत नाही. ऑफिसच्या उपाहारगृहात पनीर, छोले आणि जिरा राईस यांचंच चक्र फिरत असतं. तेलकट खाऊन दुपारी झोप येते आणि संध्याकाळी पित्त.

मला साधं जेवण हवं आहे. पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा उसळ, थोडा भात. आठवड्यातून एकदोनदा ज्वारीची भाकरी मिळाली तर फारच बरं. प्रश्न असे:

डबा घराजवळून लावावा की ऑफिसजवळून? सध्या साधारण काय दर आहेत? मला सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम असतं, म्हणजे डबा मंगळ-बुध-गुरू एवढाच लागेल. असा कुणी देतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाहिरातीत सगळेच 'घरगुती' म्हणतात, तर खरंच घरगुती कोणतं हे ओळखायचं कसं?

---

करीरोडकर

ऑफिसजवळूनच लावा. भांडुपहून सकाळी घेऊन निघालात तर डबा सातला भरलेला आणि एकला उघडलेला. शिवाय गर्दीच्या लोकलमध्ये आमटी सांभाळत उभं राहणं कठीण. लालबाग, परळ, डिलाईल रोड भागात अजून बऱ्याच बायका डबे देतात. पूर्ण डब्याला ९० ते १३० रुपये पडतात, भात नको असेल तर कमी. करी रोडला उतरून चालत जात असाल तर रस्त्यातल्या वाण्यांना विचारा. कोण किती डबे देतं हे वाण्याला नेमकं ठाऊक असतं, कारण कणीक आणि तेल तोच देतो.

---

मावळप्रांत

मृण्मयीताई, आधी एक गोष्ट वेगळी करून सांगतो, कारण बाहेरून आलेल्या बऱ्याच जणांचा यात घोळ होतो. डबेवाले स्वयंपाक करत नाहीत. ते तुमच्या घरचा डबा तुमच्या टेबलापर्यंत नेतात आणि रिकामा डबा संध्याकाळपर्यंत घरी पोचवतात. तुम्ही जे शोधताय ते डबा करून देणाऱ्या बाईंचं काम. दोन्ही सोयी एकत्रही जोडता येतात: डबा करणाऱ्या बाई एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, आणि मधली ने-आण डबेवाल्याची.

माझे वडील आणि चुलते दोघेही या धंद्यात होते. आम्ही मावळातले, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी, अकोले या पट्ट्यातून बहुतेक सगळे आले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम उभं केलं तेव्हापासून गावाचा, नात्याचा माणूसच पुढे कामाला लागत आला. वीस-पंचवीस जणांची एक टोळी, तिच्यावर एक मुकादम. मुकादम म्हणजे मालक नव्हे. कुणी आजारी पडला तर त्याची लाइन, म्हणजे रोजची ठरलेली घरं, स्वतः करणारा अनुभवी माणूस. महिनाअखेरी खर्च वजा जाता पैसे सारखे वाटून घ्यायचे.

डब्याच्या झाकणावरची खूण लोकांना फार गूढ वाटते. ती तशी नाही. मधला मोठा आकडा उतरायच्या भागाचा. त्याच्या बाजूला पोचवणाऱ्या माणसाचा नंबर, इमारतीची अक्षरं आणि मजला. खाली डबा कुठून निघाला त्या वस्तीचं अक्षर. पूर्वी रंगीत दोरे बांधायचे, मग रंगाने लिहायला लागले. नऊच्या सुमारास डबा घरून उचलला की सायकलवर स्टेशन, तिथे वाटणी, लोकलचा सामानाचा डबा, मग दुसऱ्या स्टेशनवर पुन्हा वाटणी. एक डबा जाताना तीन-चार हातांतून जातो आणि साडेबाराला टेबलावर असतो. सिक्स सिग्माचं, म्हणजे चुका जवळपास शून्य असल्याच्या दर्जाचं, जे वाक्य सगळीकडे फिरतं ते १९९८च्या फोर्ब्ज मासिकातल्या लेखापासून. आमच्या माणसांनी तसलं प्रमाणपत्र मागितलंही नव्हतं. डबा चुकत नाही, कारण रोज तोच माणूस तीच घरं करतो. घर बदललं तर त्याला पायांनीच कळतं.

तुमच्या तीन दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर: डबेवाल्याचं गणित महिन्यावर असतं. लोकलचा पास, सायकल, माणूस, हे तिन्ही महिनाभर लागतंच. त्यामुळे तीन दिवसांसाठी बहुधा पूर्ण महिन्याचा दर सांगतील, आणि ते रास्त आहे. तुम्हाला ऑफिसच्या आसपास चालत पोचवणारं कुणी मिळालं तर अधिक सोयीचं.

एक लक्षात ठेवा, चैत्रात गावोगावच्या जत्रांना डबेवाले पाच-सहा दिवस गावी जातात. ती सुट्टी ठरलेली असते, आधी सांगितली जाते.

---

मृण्मयी_सोलापूर

मावळप्रांत, इतकं नीट समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. करोनानंतर डबेवाल्यांची संख्या कमी झाली आहे का? ऑफिसमध्ये मला तरी फारसे दिसत नाहीत.

---

मावळप्रांत

हो, पुष्कळ. पूर्वी पाच हजार माणसं आणि दोन लाख डबे असं सांगितलं जायचं. मार्च २०२०मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि काम एका दिवसात थांबलं. दोन डोस घेतलेल्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ला. तोवर दीड वर्षाच्या आसपास काळ गेला. कुणी गावी शेती धरली, कुणी रिक्षा, कुणी सुरक्षारक्षकाचं काम. परत आले तेव्हा गिऱ्हाईकच घरून काम करत होतं. वडिलांच्या टोळीतले निम्मे पुन्हा आलेच नाहीत. गिऱ्हाइकांनी मुद्दाम सोडलं असं नाही, पण माणूस एकदा लाइनीतून गेला की त्याची घरं दुसऱ्याला शिकवायला महिने लागतात.

---

लालबागची_सुमन

मी लालबागला डबे देते. सासूबाई खाणावळ चालवायच्या, त्यांच्यानंतर मी. धागा भाचीने दाखवला, म्हणून लिहिते आहे. घरगुती कसं ओळखायचं या प्रश्नावर मला सविस्तर बोलायचं आहे.

घरगुतीपणा आकड्यावर ठरतो. माझे चाळीसच्या आसपास डबे असतात. चाळीस डब्यांना तीन पोळ्यांप्रमाणे एकशेवीस पोळ्या, म्हणजे चार किलोच्या आसपास कणीक. पहाटे साडेचारला उठून मी भाज्या आणि आमटी करते, सहाला एक ताई पोळ्यांना येतात, त्यांना पोळीमागे पैसे देते. भाजी दादरच्या बाजारातून आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे येते. एवढं दोन बायकांच्या हातून चवीने होतं. ऐंशी झाले की भाजी निवडायला माणूस लागतो, शंभरावर गेलं की निवडायची भाजीच बंद होते. मग एकच लाल रस्सा मोठ्या पातेल्यात करून ठेवतात. सोमवारी त्यात पनीर, मंगळवारी मटार, बुधवारी बटाटा. नाव रोज नवं, चव रोज तीच.

म्हणून तुम्ही डबा लावाल तिथे दोन गोष्टी बघा. एक, आठवड्यात पालेभाजी येते का. मेथी, शेपू, माठ, चवळई निवडायला हात लागतात, ते जिथे आहेत तिथेच या भाज्या येतात. दुसरी, डाळिंब्यांची उसळ. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला. ती महिन्यातून एकदा जरी आली तरी समजा की त्या घरात कुणीतरी मनापासून बसतं.

आता तीन दिवसांचं. हे मी रागाने लिहीत नाही, पण गिऱ्हाइकांना कळावं असं वाटतं. पूर्वी पाचही दिवस चाळीस डबे, आठवड्याचे दोनशे. आता सोमवारी आणि शुक्रवारी अठरा-अठरा, मधले तीन दिवस पंचेचाळीस. बेरीज केली तर एकशेएकाहत्तर. धंदा कमी झाला, पण मधल्या तीन दिवसांसाठी पातेलं मोठंच लागतं, पोळ्यांच्या ताईंना सोमवारी 'आज लवकर जा' म्हणता येत नाही, आणि डबे पोचवणारा मुलगा महिन्याच्या पगारावर आहे. गॅसही आम्ही १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. तो खर्च डबे कमी झाले म्हणून अर्धा होत नाही.

त्यात सकाळी साडेनऊला निरोप येतो, 'ताई आज नको, मीटिंग रद्द झाली.' तोवर डबा भरून झालेला असतो. रात्री नऊच्या आत सांगितलं तर मी एक रुपया घेत नाही. सकाळी सांगितलं तर डबा धरते. हा नियम जाचक वाटतो काहींना, पण याच नियमामुळे मला आदल्या रात्री माहीत असतं की किती वाटाणे भिजवायचे. तेवढं कळलं तर शिळं उरत नाही, आणि उरलं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या डब्यात जात नाही.

---

निखिल_ठाणे

सुमनताई, तुमचं म्हणणं पटतं, तरी अ‍ॅपच्या बाजूनेही लिहितो. माझं काम फिरतीचं आहे. आज अंधेरी, उद्या बीकेसी, कधी जेवायला तीन वाजतात. महिन्याचा डबा लावून माझे पैसे वाया जायचे. अ‍ॅपवर मी त्या वेळी, त्या जागी मागवतो. काही अ‍ॅपवर घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांचीही नोंद असते आणि माझ्या एका शेजारणीचा धंदा त्यावरच उभा राहिला. तिला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. माझ्यासारख्याला डबा लावा म्हणणं उपयोगाचं नाही.

---

लालबागची_सुमन

निखिलभाऊ, तुमच्यासाठी अ‍ॅपच बरोबर. मीही एक अ‍ॅप काही महिने करून पाहिलं. पैसे नियमित जमा व्हायचे, तक्रार नाही. पण दहाला कळायचं नाही की आज पाच डबे जाणार की पंचवीस. मग पंचवीसचं करून ठेवा, उरलं तर घरात वाटा किंवा टाका. कमिशन गेल्यावर हे नुकसान सोसत नव्हतं. वरून दर आठवड्याला सवलत द्या म्हणून मागे लागायचे. सवलत द्यायची तर तेल बदलावं लागलं असतं. ते मी केलं नाही, अ‍ॅप सोडलं.

---

अन्नसूत्र

मी अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एवढाच भाग लिहिते, पण तो महत्त्वाचा आहे.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जितका वेळ राहतं तितके जंतू वाढतात. डब्याचं संपूर्ण आयुष्य नेमकं याच पट्ट्यात जातं. त्यामुळे डबा भरल्यापासून खाईपर्यंत किती तास जातात हा पहिला प्रश्न विचारा. तीन-चार तासांच्या आत असेल तर काळजी कमी. करीरोडकरांनी ऑफिसजवळचा डबा सुचवला तो या कारणानेही योग्य आहे.

भाताची खास काळजी घ्यावी. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये वाफ आली म्हणजे भात चांगला झाला असं नसतं. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात देतात का, हे स्पष्ट विचारायला संकोच करू नका.

ओलं खोबरं, दही घातलेली कोशिंबीर, दुधातलं काही, हे एप्रिल-मे आणि पावसाळ्याच्या दमट हवेत डब्यात नसलेलंच चांगलं. चांगल्या डबेवाल्या ताई हे आपणहून पाळतात. दही वेगळ्या छोट्या डबीत आलं पाहिजे.

डबा स्टीलचाच मागा. दोन संच ठेवावे लागतात, एक येतो तेव्हा दुसरा जातो. त्याची अनामत द्यायची तयारी ठेवा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या डब्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, तरी अजून कुणी देतं तेव्हा नको म्हणावं. गरम आमटी त्यात ओतणं तर नकोच.

---

वैदेही_दादर

एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, काही लागतं का घरून डबे देणाऱ्यांना?

---

अन्नसूत्र

हो. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६चा, लागू झाला ऑगस्ट २०११मध्ये. घरून अन्न विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो, आणि फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर तो टाकून पाहता येतो. क्रमांक आहे म्हणून रोज कुणी स्वयंपाकघर तपासतं असं समजू नका. पण ज्या बाईंनी तो घेतला आहे त्यांनी पाणी, स्वच्छता, साठवण याचा निदान एकदा विचार केलेला असतो. ज्यांच्याकडे नाही त्यांना घाबरवू नका, नोंदणी ऑनलाइन होते हे सांगा. एखाद्या गिऱ्हाइकाने अर्ज भरून दिला तरी त्यांचं काम होऊन जातं.

---

हिंजवडीकर

पुण्याची बाजू. इथे मुंबईसारखं लोकलचं जाळं नाही, म्हणून सगळं दुचाकीवर. वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागरहून डबे निघतात आणि साडेबाराच्या सुमारास कंपन्यांच्या फाटकाबाहेर दुचाक्यांची रांग लागते. आत सोडत नाहीत, आपण खाली येऊन घ्यायचा. हिंजवडीची वाहतूक सगळ्यांना माहीत आहेच, त्यामुळे पावसाळ्यात डबा दीडला येतो हे गृहीत धरावं.

इथे पोळीभाजी केंद्रांचाही चांगला पर्याय आहे. सकाळी जाताना पोळ्या आणि एक भाजी घ्यायची, आमटी-भात घरून. माझ्या ऑफिसात आम्ही सात-आठ जणांनी मिळून एकाच काकूंकडे डबे लावले आहेत. एका फाटकावर सात डबे म्हटल्यावर पोचवण्याचा खर्च विभागला जातो आणि काकूही त्यासाठी वेगळी फेरी मारतात. मृण्मयीताई, तुमच्या मजल्यावर अजून चार जण मिळतात का बघा. तीन दिवसांचा डबा एकट्याला अवघड, पाच जणांना सहज मिळेल.

---

परळकर_काका

सुमनताईंनी सासूबाईंच्या खाणावळीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तुम्ही ज्या लोअर परळात नोकरी करता त्या काचेच्या इमारती गिरण्यांच्या जमिनीवर आहेत, आणि पैसे भरून रोजचं घरचं जेवण ही पद्धत त्या भागात काही आज सुरू झालेली नाही.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून माणूस एकटा यायचा, बायकापोरं गावी. चाळीच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपायचा आणि जेवायचा खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतलीच एखादी बाई दहा-पंधरा जणांचं करायची. पगार झाला की पैसे. तोवर तिने किराणा उधारीवर आणायचा, आणि वाण्याचं किंवा सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. दिवसभर राबून तिच्या हाती फार थोडं उरायचं.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते याच बायकांना घेऊन. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, एकमेकींची हमी. चाळीतल्या बाईला बँकेत खुर्ची मिळाली, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. पगार नाही तर खाणावळीचे पैसे कुठून येणार? आमच्या चाळीतल्या एका मावशींनी कित्येक महिने माणसांना उधारीवर जेवू घातलं. गावी निघून गेलेल्यांतले काही नंतर पैसे द्यायला परत आले, काही आलेच नाहीत. मावशी कुणाचं नाव घेऊन कधी बोलल्या नाहीत. ज्यांचे पैसे महिनाअखेर थकतात त्या सगळ्या डबेवाल्या बायकांकडे पाहिलं की मला ते दिवस आठवतात. आजच्या नोकरदारांचा पगार तर एक तारखेला खात्यात असतो. डब्याचे पैसे आगाऊ द्या, एवढंच माझं सांगणं.

---

करीरोडकर

काका, फार मोलाचं लिहिलंत. आगाऊ पैशाला शंभर टक्के पाठिंबा. मी दर महिन्याच्या एक तारखेला देतो, आणि त्यामुळे तेल महाग झालं तेव्हा ताईंनी दर वाढवण्याआधी मला विचारलं.

---

मृण्मयी_सोलापूर

सगळ्यांचे आभार. हिंजवडीकर, तुमची सूचना लगेच अमलात आणली. आमच्या मजल्यावर सहा जण तयार झाले, तिघांना मंगळ-बुध-गुरू, तिघांना पाचही दिवस. म्हणजे सोमवार-शुक्रवारीही अगदीच रिकामं राहणार नाही.

डिलाईल रोडच्या एका काकूंकडे चव बघून आले. पालेभाजी आठवड्यातून दोनदा, भात सकाळचाच, डबा अकराला भरतात आणि साडेबाराला पोचवतात. नोंदणी नाही, पण त्यांच्या मुलीला मी पोर्टल दाखवलं, ती भरणार आहे. दर ११०. आदल्या रात्री सांगायचा नियम त्यांनी सांगायच्या आधी मीच सांगितला, त्यांना बरं वाटलं.

एकच अडलं आहे. त्यांना भाकरी येते, पण त्या म्हणतात डब्यात दोन तासांत कडक होते, गिऱ्हाईक नावं ठेवतं. सुमनताई, यावर काही उपाय आहे का?

---

लालबागची_सुमन

आहे. पीठ आठवडाभराच्या आत दळलेलं असावं. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी चिरते. पाणी चांगलं उकळू द्यायचं, चिमूटभर मीठ घालून त्यात पीठ सोडायचं, झाकून पाच मिनिटं उकड येऊ द्यायची, मग गरम असतानाच मळायचं. ही भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. तव्यावरून काढल्यावर लगेच डब्यात कोंबू नये, वाफ धरते आणि खालची बाजू ओली होते. दोन मिनिटं जाळीवर ठेवून मग सुती फडक्यात गुंडाळून द्यावी. प्लास्टिकमध्ये किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात नको.

आणि भाकरीबरोबर पातळ काहीतरी द्यायला सांगा, पिठलं किंवा शेंगांचं कालवण. काकूंना माझा निरोप द्या की भाकरीचा दिवस एकच ठरवा आणि सहाही जणांना त्या दिवशी भाकरीच द्या. एकाला पोळी, एकाला भाकरी केलं तर तवा दोनदा तापवावा लागतो. बुधवार ठेवा, त्या दिवशी सहाही जण असतात.